मराठी कळफलक : रचना आणि निवड

रेमिंग्टन पद्धतीच्या मराठी टंकयंत्रावर अक्षरे दृश्यक्रमाने उमटत. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी टंकावी लागे. म्हणजे उच्चारात मागाहून येणारा स्वर बोटांना आधी आठवावा लागे. १९८६ साली केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने प्रमाणित केलेल्या इन्स्क्रिप्ट रचनेत हा क्रम उच्चारानुसारी झाला, आणि १९९१ च्या भारतीय मानकात (आयएस १३१९४) तिला स्थान मिळाले. पुण्यातील सी-डॅकच्या जिस्ट तंत्रज्ञानाने ती कचेऱ्यांत पोहोचविली.

तीत स्वरचिन्हे डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला आहेत. म, न, व हे अपवाद. 'कसबा पेठ' हेच शब्द घ्यावेत. क, स, ब उजव्या हाताचे, काना डाव्याचा. पुढे प उजवा, मात्रा डावी, ठ पुन्हा उजवा, तोही शिफ्टसह. 'कसबा'त उजव्या हातावर सलग तीन अक्षरांचा भार पडतो खरा. परंतु अकारयुक्त व्यंजनांची रेलचेल असलेल्या मराठीत तो टळणे कठीण.

ही रचना संगणकप्रणालीत विनामूल्य मिळते. म्हणून कसब्यातील प्रबंध टंकणाऱ्या विद्यार्थ्याने देवनागरी अक्षरे छापलेल्या कळांसाठी जादा पैसे मोजू नयेत. रचनेचा कागदी नकाशा समोर असला की पुरे. विनातार फलकास घट बदलण्याचा वा भारित करण्याचा व्याप असतो. तारेच्या साध्या फलकास तो नाही. वाचलेले पैसे हलक्या दाबाने खाली जाणाऱ्या कळांवर खर्चावेत.