तंजावरच्या वाटेवरचा पाद्री

कुंभकोणहून तंजावरकडे जाणारा रस्ता कावेरीच्या खोऱ्यातील भातखाचरांमधून जातो. या रस्त्यावर पापनाशम हे तालुक्याचे गाव लागते. त्याच नावाचे दुसरे तीर्थ ताम्रपर्णीच्या काठी, तिरुनेलवेलीच्या बाजूला आहे आणि दोहोंची गल्लत अनेकदा होते. येथे अभिप्रेत आहे ते कावेरीकाठचे पापनाशम. एकशे आठ शिवलिंगांच्या मंदिरासाठी हे गाव प्रसिद्ध आहे. शेजारीच तिरुप्पालैत्तुरै येथे पालैवननाथाचे देऊळ असून त्याच्या आवारात विटांचे एक प्रचंड वर्तुळाकार धान्यकोठार उभे आहे. ते रघुनाथ नायकाच्या काळातले मानले जाते. ज्या भूमीचे सारे वैभव भाताच्या राशींवर मोजले जाई, तिथे देवळाच्या आवारात असे कोठार असावे यात नवल नाही.

याच रघुनाथ नायकाने १६२० मध्ये डेन्मार्कच्या लोकांना समुद्रकाठचे तरंगंबाडी हे गाव व्यापारासाठी दिले. पुढे नायकांचे राज्य लयाला गेले, व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले आणि कावेरीचे खोरे मराठ्यांच्या अमलाखाली आले. तरंगंबाडी मात्र डॅनिशांकडेच राहिली. तेथे ९ जुलै १७०६ रोजी त्सीगेनबाल्ग आणि प्लुत्शाऊ हे दोन जर्मन धर्मोपदेशक उतरले. हिंदुस्थानातील प्रॉटेस्टंट मिशनचा आरंभ येथून झाला. परंतु तरंगंबाडीची वेस ओलांडली की शहाजीराजांचा मुलूख लागे, आणि त्या मुलखात राजाच्या परवानगीवाचून परक्या पाद्र्याला फिरता येत नसे. त्यामुळे आतल्या गावांत मिशनचे पाऊल प्रथम पडले ते एतद्देशीय माणसांचे. राजाच्या फौजेतला शिपाई राजनायकन उपदेशक झाला आणि त्याने तंजावरच्या मुलखात काम केले. २८ डिसेंबर १७३३ रोजी आरोन याला पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. प्रॉटेस्टंट पंथातला हा पहिला हिंदी पाद्री होय. मिशनच्या इतिहासात युरोपीय नावे ठळक छापली गेली. वाटा तुडवल्या त्या मात्र बव्हंशी या लोकांनी.

क्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्ट्झ १७५० मध्ये तरंगंबाडीस आला. तो प्रशियातला, हाले येथे शिकलेला. तमिळ बायबलच्या कामानिमित्त तमिळचे पहिले धडे त्याने तेथेच घेतले होते. येथे आल्यावर चार महिन्यांत तो तमिळमध्ये प्रवचन करू लागला. परदेशी जाऊन थोडे दिवस सेवा करावी आणि परतावे, अशी मिशनची फेरी आजकाल सर्वत्र परिचयाची झाली आहे. श्वार्ट्झ त्या जातीचा नव्हता. तो अठ्ठेचाळीस वर्षे राहिला आणि मायदेशी कधीच परतला नाही. तरीही त्याच्या हातून घडलेली सर्वांत लक्षणीय कामे अशा थोड्या दिवसांच्या फेऱ्यांतूनच झाली, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

१७६२ मध्ये तो पायी तंजावरास गेला, तेथे काही दिवस राहून पुढे तिरुचिरापल्लीस पोहोचला. १७६९ मध्ये तुळजाजीराजांची आणि त्याची पहिली भेट झाली. संभाषण फारसीत, दुभाषाच्या मार्फत सुरू झाले. पाहुण्याला तमिळ येते असे कळताच मधला माणूस दूर झाला. राजघराण्याची आणि दरबाराची भाषा मराठी असल्याने श्वार्ट्झने पुढे मराठीही शिकून घेतली. तुळजाजी त्याच्याशी आदराने वागत, पण त्यांनी धर्म बदलला नाही. १७७३ मध्ये कंपनीच्या फौजेने अर्काटच्या नबाबासाठी तंजावर घेतले आणि राजा कैदेत पडला. १७७६ मध्ये त्यास राज्य परत मिळाले. १७७८ पासून श्वार्ट्झ तंजावरातच स्थायिक झाला.

त्याच वर्षाच्या आरंभी तो पाळैयंकोट्टैस गेला होता. तेथे एक मराठी ब्राह्मण विधवा त्याची वाट पाहत होती. ही तंजावरची. पतीच्या मागे तिच्यावर सती जाण्याची वेळ आली असता लिटल्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तिला वाचवले आणि ती त्याच्यासोबत राहू लागली. तिने पूर्वी बाप्तिस्मा मागितला तेव्हा श्वार्ट्झने तो नाकारला होता, कारण दोघांचा विवाह झालेला नव्हता. लिटल्टनच्या मृत्यूनंतर त्याने तिला दीक्षा दिली आणि तिचे नाव क्लोरिंदा झाले. जातीने टाकलेल्या आणि पाद्र्यानेही एकदा परतवलेल्या या बाईने पुढे जे केले ते थक्क करणारे आहे. १७८० च्या नोंदवहीत तेथील मंडळीत चाळीस माणसे दिसतात. तिच्या खटपटीने बांधलेल्या देवळाचे समर्पण १७८५ मध्ये श्वार्ट्झने येऊन केले. लोकांच्या तोंडी ते पाप्पात्तीचे, म्हणजे ब्राह्मण बाईचे, कोविल झाले. श्वार्ट्झचा मुक्काम तेथे दोन्ही वेळा अल्पच होता. मंडळी उभी राहिली ती या मराठी बाईच्या बळावर, आणि १७९० मध्ये दीक्षा मिळालेल्या सत्यनाथन या पाद्र्याच्या.

१७७९ ची फेरी निराळ्या कारणाची होती. मद्रासचा गव्हर्नर रम्बोल्ड याने श्वार्ट्झला हैदर अलीकडे जाण्याची गळ घातली. माहे कंपनीने घेतल्यामुळे हैदर संतापलेला होता आणि कंपनीच्या वकिलांवर त्याचा विश्वास उरला नव्हता. पाद्र्यावर तो विश्वास ठेवी. शांततेचे काम आहे, आपल्या धर्मकार्याला त्याने बाध येत नाही, असा विचार करून श्वार्ट्झने होकार दिला. श्रीरंगपट्टणास किल्ल्याबाहेर तंबूत त्याचा मुक्काम पडला. हैदरच्या चाकरीतले जर्मन शिपाई तेथे रविवारी प्रार्थनेस येत. हैदर त्याला आपल्या शेजारी गालिच्यावर बसवून घेई. लिहितावाचता न येणारा हा राज्यकर्ता किती झपाट्याने कामे उरकतो, याचे वर्णन श्वार्ट्झने कौतुकाने केले. महसुली अंमलदारांना शिक्षा करण्यासाठी चाबूकवाले सदैव सज्ज ठेवलेले असत, हेही त्याने लिहून ठेवले. निरोप देताना हैदरने वाटखर्चासाठी तीनशे रुपये दिले. ते त्याने मद्रास सरकारपुढे ठेवले आणि परवानगी घेऊन तंजावरच्या अनाथ मुलांच्या शाळेस लावले.

शिष्टाई अर्थातच फसली. कंपनीच्या मनात तह नव्हता, तिला वेळ हवा होता. भल्या माणसाच्या नावाचा पडद्यासारखा उपयोग करण्यात आला, असेच म्हणावे लागते. जुलै १७८० मध्ये हैदर कर्नाटकात उतरला. आपल्या अंमलदारांना मात्र त्याने सांगून ठेवले की या वृद्ध पाद्र्याला कोठेही अडवू नये.

त्यानंतरची तीन वर्षे कावेरीच्या खोऱ्याने पाहिली तशी क्वचितच पाहिली असतील. पाटबंधारे फुटले, गुरे हाकून नेली गेली, गावे ओस पडली. फेब्रुवारी १७८२ मध्ये कुंभकोणच्या परिसरात कर्नल ब्रेथवेटच्या तुकडीला टिपूने घेरून शरण आणले. म्हणजे युद्ध पापनाशमच्या दारातच आले होते. तंजावरच्या किल्ल्यात धान्य नव्हते. खेड्यांत थोडेफार होते, पण ते आणायला कोणी तयार नव्हते. पूर्वी ज्यांनी धान्य आणले त्यांना दाम मिळाले नव्हते, आणि ज्यांनी बैल दिले त्यांचे बैल वेठीस धरले गेले होते. राजाचा शब्द गेला होता, कंपनीचाही गेला होता. अखेर राजाने श्वार्ट्झला बोलावले. त्याने रयतेला कळवले की मोबदला मी स्वतःच्या हाताने देईन.

एकदोन दिवसांत हजार बैल जमले. श्वार्ट्झने आपले उपदेशक आणि काही ख्रिस्ती माणसे खेड्यांत पाठवली. हैदरचे स्वार फिरत असताना ती जीव मुठीत घेऊन गेली आणि थोड्याच काळात त्यांनी ऐंशी हजार कलम धान्य किल्ल्यात आणले. कलम हे तमिळ मुलखाचे माप, बारा मरक्कालांचे. किल्ला वाचला. काम संपल्यावर श्वार्ट्झने प्रत्येकाचे पैसे चुकते केले. त्यासाठी दुसऱ्यांची आपल्याजवळ असलेली रक्कमही वापरली, आणि वर थोडी बक्षिसी देऊन माणसांना घरी धाडले. पुढे परागंदा झालेली रयत परतेना, तेव्हाही त्याच्याच शब्दावर सुमारे सात हजार माणसे आपापल्या शेतांवर आली. मोसम बहुतेक उलटून गेला होता, तरी पेरणी झाली.

या प्रसंगाकडे पुण्यकर्म म्हणून पाहण्याची रीत आहे. हिशेब म्हणून पाहिले तर तो अधिक बोलका वाटतो. राज्यकर्त्यांनी ज्या पतीचे दिवाळे काढले होते ती पत एका परक्या माणसाने सांभाळून ठेवली होती. त्याची किंमत रयतेला ठाऊक होती.

१७८५ च्या सुमारास त्याने रेसिडेंट सलिव्हन याच्या साहाय्याने तंजावर, रामनाथपुरम् आणि शिवगंगा येथे इंग्रजी शाळा काढल्या. कंपनीने प्रत्येक शाळेस वर्षास अडीचशे होन मंजूर केले. तंजावरच्या शाळेत ब्राह्मणांची मुले येत, ती धर्मासाठी नव्हे, कारकुनीसाठी. श्वार्ट्झलाही हे माहीत होते.

१७८७ मध्ये तुळजाजी वारले. दत्तक घेतलेला दहा वर्षांचा सरफोजी त्यांनी श्वार्ट्झच्या हवाली करू पाहिला. त्याने अमरसिंहास पालक नेमावे असे सुचवले. ही सूचना मुलाला महागात पडली. अमरसिंह स्वतःच गादीवर बसला आणि मुलाचे हाल होऊ लागले. अखेर १७९३ मध्ये सरफोजीस मद्रासला हलवावे लागले. तेथे पाद्री गेरिके याने त्याच्या शिक्षणाकडे लक्ष दिले. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ वारला आणि त्याच वर्षी जूनमध्ये सरफोजी राजा झाला. पुढच्याच वर्षी कंपनीने तहाने राज्यकारभार आपल्याकडे घेतला. राजाच्या हाती किल्ला उरला आणि ग्रंथ उरले. सरस्वती महालाची भरभराट, १८०५ चे देवनागरी मुद्रणालय, बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेली भोसले वंशाची मराठी बखर, ही त्या उरलेल्या सत्तेची कामे. तो अखेरपर्यंत शैवच राहिला.

आपल्या गुरूसाठी त्याने इंग्लंडमधून शिल्पकार जॉन फ्लॅक्समनकडून संगमरवरी उठावशिल्प करवून घेतले. ते तंजावरच्या किल्ल्यातील श्वार्ट्झच्या चर्चमध्ये आहे. मरणशय्येवरील वृद्धाचा हात सरफोजीने हाती घेतला आहे, मागे गेरिके उभा आहे, भोवती राजाचे सेवक आणि शाळेतली तीन मुले आहेत. बैल घेऊन खेड्यांत गेलेले उपदेशक त्या दगडात नाहीत.