गरोदरपणाची चाचणी आणि पुरुषांचा कर्करोग

स्त्रीला दिवस गेले आहेत का, हे लघवीवरून ओळखण्याची पहिली विश्वासार्ह चाचणी आशहाइम आणि झोंडेक या दोघांनी १९२७ साली बर्लिनमध्ये बसवली. वयात न आलेल्या मादी उंदरांना लघवी टोचायची, चार-पाच दिवसांनी त्यांना मारून बीजांडकोश पाहायचे. त्यांवर रक्ताचे ठिपके दिसले, की स्त्री गरोदर! (उंदरांचे हाल आज रुचणार नाहीत, पण तेव्हा दुसरा मार्ग नव्हता.)

१९३० मध्ये झोंडेक यांनी वृषणाच्या कर्करोगाचे निदानही याच चाचणीने करून पाहिले. काही पुरुषांच्या लघवीनेही उंदरांनी तोच कौल दिला! असे का व्हावे?

वृषणातली बहुतेक अर्बुदे बीजपेशींपासून होतात. बिघडलेल्या बीजपेशी गर्भ घडवण्याची आपली क्षमता वेड्यावाकड्या रीतीने वापरतात. काही वारेच्या पेशींसारख्या होतात आणि गर्भारपणातले एचसीजी हे संप्रेरक स्रवतात. काही गर्भाच्या पीतक कोशासारख्या होऊन एएफपी हे प्रथिन बनवतात. हे गर्भातले प्रथिन यकृताच्या कर्करोगात पुन्हा दिसते, हे मॉस्कोत आबेलेव यांनी १९६३ मध्ये उंदरांत दाखवले. पुढे ते बीजपेशींच्या अर्बुदांतही सापडले.

झोंडेक मात्र बर्लिनमध्ये राहू शकले नाहीत. ज्यू असल्यामुळे १९३३ मध्ये त्यांची नोकरी गेली. अखेर ते जेरुसलेमला स्थायिक झाले.

या खुणांचे खरे मोल कळले ते १९७४ नंतर. त्या वर्षी अमेरिकेत आइनहॉर्न यांनी सिसप्लॅटिनसह तीन औषधांचा उपचार सुरू केला आणि शरीरभर पसरलेला रोगही बरा होऊ लागला. औषध लागू पडते आहे का, हे रक्तातले आकडे सांगू लागले. किरणोत्सर्गाच्या धड्यातला अर्धायुकाल इथेही भेटतो. एचसीजीचा अर्धायुकाल सुमारे दीड दिवस, एएफपीचा पाच ते सात दिवस. शस्त्रक्रियेपूर्वी एएफपी ६४० असेल, तर तीन आठवड्यांनी ते ८० किंवा त्याखाली यायला हवे. ३०० वरच अडून राहिले, तर अर्बुद कुठेतरी शिल्लक आहे अशी दाट शंका घ्यावी लागते.

आकडे सामान्य आले म्हणजे रोग नाहीच, असे मात्र नव्हे. कित्येक अर्बुदे काहीच स्रवत नाहीत. उलट शुद्ध सेमिनोमा या प्रकारात एएफपी कधीच वाढत नाही. त्यामुळे सूक्ष्मदर्शक ‘सेमिनोमा’ म्हणत असला आणि रक्तात एएफपी वाढलेले असले, तर यकृताचा आजार वगैरे कारणे नाहीत ना हे पाहून डॉक्टर रक्तावर विश्वास ठेवतात आणि उपचार बदलतात.