पदकं स्वस्त झाली आहेत का?

"हल्ली पदकं खिरापतीसारखी वाटतात हो. पूर्वी कसं, लाखात एखाद्याला मिळायचं." हे वाक्य तुम्ही कधी ना कधी ऐकलं असेल. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या आदल्या संध्याकाळी यादी जाहीर होते, दुसऱ्या दिवशी पेपरात नावांची लांबच लांब रांग येते आणि घरात कुणीतरी हे बोलून जातं.

कंपनीच्या काळापासून मुंबई इलाख्यातल्या सैनिकांना शौर्याबद्दल काय काय दिलं गेलं, हा माझ्या पीएचडीचा विषय. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. एका शब्दात उत्तर देणं अवघड जातं, कारण 'किंमत' म्हणताना आपण चार वेगळ्या गोष्टी एकत्र करतो: धातू, पैसा, संख्या आणि साक्ष. त्या एकेक करून पाहू.

धातू

१७९९ मध्ये टिपू सुलतानाचा पाडाव झाला. त्यानंतर ईस्ट इंडिया कंपनीने श्रीरंगपट्टणचं पदक काढलं. त्यावर ब्रिटिश सिंह टिपूच्या वाघाला लोळवतो आहे असं चित्र होतं. चित्र सगळ्यांना एकच, धातू मात्र वेगवेगळे. सेनापतीला सोनं, त्याखालच्याला सोन्याचा मुलामा दिलेली चांदी, मग साधी चांदी, मग कांसं आणि साध्या शिपायाला कथिल! एकाच तटबंदीवर चढलेल्या माणसांना कंपनीने हुद्द्याच्या तराजूत तोललं होतं.

आता परमवीर चक्र बघा. २६ जानेवारी १९५० ला सुरू झालेला हा आपला युद्धातला सर्वोच्च सन्मान कांस्याचा आहे. त्याचं रेखाटन केलं सावित्री खानोलकर यांनी. जन्माने त्या युरोपीय, लग्न केलं विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी. मधोमध राजमुद्रा आणि भोवती इंद्राचं वज्र चार वेळा. दधीची ऋषींनी आपली हाडं दिली आणि त्यांचं वज्र झालं, ही कथा तुम्हाला माहीत असेलच. सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे असोत की लान्स नाईक करम सिंग, दोघांच्या छातीवर तोच कांस्याचा तुकडा. धातूच्या हिशेबाने पदक 'स्वस्त' झालं हे खरं आहे, आणि ते मुद्दाम केलेलं आहे.

पैसा

दुसरी तक्रार अशी की पदकाला आता पैसे चिकटले, म्हणून ते बाटलं. पण मला तरी पैशांशिवायचा सन्मान जुन्या कागदांत फारसा सापडत नाही. सभासद बखरीत अफजलखानाच्या प्रसंगानंतरचं वर्णन आहे. जखमींना जखम पाहून बक्षीस, मेलेल्यांच्या मुलांना चाकरी, मुलगा नसेल तर विधवेला निम्मं वेतन. मानाची कडी आणि पदकंही त्याच यादीत येतात. मान आणि घरची चूल यांची फारकत तिथे नाही.

कंपनीने १८३७ मध्ये फक्त हिंदी सैनिकांसाठी 'ऑर्डर ऑफ मेरिट' सुरू केली. तिचे तीन वर्ग होते. तिसरा वर्ग मिळाला की पगारात एक तृतीयांश वाढ, दुसऱ्याला दोन तृतीयांश, पहिल्याला पगार दुप्पट. आज केंद्र सरकार परमवीर चक्र विजेत्याला महिना २०,००० रुपये भत्ता देतं. २०१७ मध्ये तो १०,००० वरून दुप्पट झाला. वीर चक्राला ७,००० आणि सेना पदकाला २,००० मिळतात. राज्य सरकारं वेगळी रक्कम देतात आणि त्यात राज्याराज्यांत मोठी तफावत आहे. एकाच टेकडीवर लढलेल्या दोघांना केवळ गाव कुठल्या राज्यात आहे यावरून कमीजास्त मिळावं, हे खटकायलाच हवं. पण ती सरकारच्या हिशेबाची गोष्ट झाली. पैसे दिल्यामुळे शौर्य हलकं होत नाही.

संख्या

आता मूळ तक्रारीकडे येऊ: पूर्वी थोड्यांना, आता सगळ्यांना. गंमत म्हणजे सर्वोच्च पदकांचे आकडे याच्या नेमके उलट बोलतात.

व्हिक्टोरिया क्रॉस १८५६ मध्ये सुरू झाला. लगेच पुढच्या वर्षी उठाव झाला आणि त्या एका संघर्षासाठी १८२ क्रॉस दिले गेले. १६ नोव्हेंबर १८५७ या एकाच दिवसासाठी, बहुतेक सगळे लखनौच्या लढाईत, २४! दुसरं महायुद्ध सहा वर्षं जगभर चाललं, त्यात पण आकडा १८२ च आहे. म्हणजे ज्याला आपण दुर्मीळ म्हणतो तो सन्मान सुरुवातीच्या दिवसांत सढळ हाताने वाटला गेला. दुर्मीळ तो नंतर झाला.

त्या वेळचा एक नियम तर ऐकूनच नवल वाटतं. एखादी अख्खी तुकडी सारखीच शूर ठरली तर कोणाला द्यायचा? तुकडीने मतदान करून निवडायचं: एक अधिकारी, एक हवालदाराच्या दर्जाचा, दोन साधे सैनिक. ग्वाल्हेरजवळ १७ जून १८५८ च्या हल्ल्यासाठी ८ व्या हुसार्स या इंग्रजी घोडदळाला असे चार क्रॉस मिळाले, साथीदारांच्या निवडीने. ही लढाई कोटा की सरायची. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई याच लढाईत पडल्या. इंग्रजी कागदांत तारीख १७ जून आहे, आपण स्मृतिदिन १८ जूनला पाळतो.

जरा थांबून बघा. एका बाजूच्या चौघांची नावं लंडनच्या गॅझेटात छापली गेली. दुसऱ्या बाजूला ना गॅझेट, ना पदक. तरी आज महाराष्ट्रात कोणाचं नाव पोरासोरांना पाठ आहे, ते मी सांगायला नको. पदक आणि मान या दोन वस्तू नेहमी एकत्र राहत नाहीत.

आपल्या परमवीर चक्राचा हिशेब छोटा आहे. आजवर २१ जणांना मिळालं, त्यांतल्या १४ जणांना मरणोत्तर. शेवटची चार कारगिलसाठी, १९९९ ची. शांतताकाळातलं अशोक चक्र घ्या. २००९ च्या प्रजासत्ताक दिनी ते ११ जणांना दिलं गेलं. आकडा मोठा वाटतो. पण त्या अकरांत हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर, संदीप उन्नीकृष्णन आहेत. आणि साताऱ्याच्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे आहेत, ज्यांनी गिरगाव चौपाटीवर हातात लाठी असताना कसाबच्या रायफलीची नळी धरून ठेवली आणि अंगावर गोळ्या झेलल्या. यातलं कोणतं नाव गाळलं असतं म्हणजे पदकाची किंमत राहिली असती?

मग 'सगळ्यांनाच मिळतं' असं वाटतं तरी का? कारण वर्दीवरच्या सगळ्या फिती आपल्याला सारख्याच दिसतात. त्यांत तीन प्रकार असतात. पहिला शौर्याचा: परमवीर, महावीर, वीर चक्र, अशोक, कीर्ती, शौर्य चक्र, सेना पदक. दुसरा विशिष्ट सेवेचा, म्हणजे परम विशिष्ट सेवा पदक वगैरे. हे बहुतेक वरिष्ठ अधिकाऱ्यांना कारकिर्दीतल्या कामाबद्दल मिळतात. तिसरा निव्वळ हजेरीचा: अमुक मोहिमेत होता, ९, २० किंवा ३० वर्षं नोकरी झाली, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या किंवा पन्नासाव्या वर्षी सेवेत होता. वाढ झाली ती मुख्यतः या तिसऱ्या प्रकारात. छाती रंगीत दिसते ती त्यामुळे. त्यात गैर काही नाही, फक्त आपण हजेरी आणि पराक्रम यांची गल्लत करतो आणि मग म्हणतो, पदकं स्वस्त झाली.

साक्ष

पदकाची खरी किंमत मला चौथ्या गोष्टीत दिसते. पदक म्हणजे साक्ष. अमुक माणसाने अमुक दिवशी हे केलं, कुणीतरी ते पाहिलं, लिहिलं आणि सरकारने शिक्का मारला. साक्ष कोणाची घ्यायची, हे ठरवणारे बदलले की पदकाचा अर्थ बदलतो. १९११ पर्यंत व्हिक्टोरिया क्रॉस हिंदी सैनिकाला मिळूच शकत नव्हता. शेजारी लढणाऱ्या गोऱ्या सैनिकाला तो मिळे, हिंदी शिपायाला फार तर ऑर्डर ऑफ मेरिट.

दार उघडल्यावर काय घडलं ते बघायला आपल्याला लांब जायला नको. नवी मुंबईकर असाल तर पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागलात की पुढे माणगाव येतं. तिथल्या तहसील कचेरीपाशी एका जवानाचा पुतळा आहे. नाईक यशवंत घाडगे, मूळ गाव त्याच तालुक्यातलं पळसगाव. १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज सेक्शनमधला प्रत्येक जण मेला किंवा जखमी झाला. घाडगे एकटे मशीनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकला, मग एकाला गोळी घातली. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं. नंतर शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय २२.

हे आज आपल्याला कळतं, कारण कुणीतरी लिहून ठेवलं. पुढच्याच वर्षी, ९ एप्रिल १९४५ ला, इटलीतच सेनियो नदीवर नगर जिल्ह्यातल्या निमजच्या नामदेव जाधवांनी दोन जखमींना पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून बाहेर काढलं, मग तीन मशीनगन ठाणी बंद पाडली आणि काठावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना केली. तेही लिहिलं गेलं.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. साताऱ्यात, कोकणात अनेक गावांत पहिल्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या दिसतात. या गावातून इतके गेले, त्यांतले इतके मेले. बस्स. आकडा आहे, नाव नाही. पराक्रम झालाच नसेल असं नाही, पण तो पाहून वरपर्यंत कळवणारा कोणी वाचला नसेल, किंवा ज्याने पाहिलं त्याचा शब्द वर पोचत नसेल. शिफारस आजही तुकडीकडूनच सुरू होते आणि पायरीपायरीने वर जाते. जवानाचं पदक त्याच्या अधिकाऱ्याच्या लेखणीवर अवलंबून असतं. किंमत कमी होण्याचा खरा धोका मला तिथे दिसतो. यादीत पाच नावं जास्त आली म्हणून फार बिघडत नाही, एक योग्य नाव कागदावर चढलंच नाही तर बिघडतं.

साक्ष एकदा नोंदली गेली की देणाराही ती सहज मागे घेऊ शकत नाही. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्यांची नावं कंपनीने स्तंभावर कोरली, त्यांत महार सैनिकांची बरीच. पदक मात्र १८५१ मध्ये मंजूर झालं, ३३ वर्षांनी, आणि तेही जे तोवर जिवंत होते त्यांनाच. पुढे १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची लष्करभरतीच बंद केली. तेव्हा निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला आणि शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये. आमच्या वाडवडिलांनी तुमच्यासाठी रक्त सांडलं, मग आम्ही अपात्र कसे, हा त्यांचा सवाल. १९२७ च्या १ जानेवारीला डॉ. आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या पहिल्या बोधचिन्हावर हाच स्तंभ होता. सरकारच्या लेखी ज्या सेवेची किंमत शून्य झाली होती, तिचा पुरावा करून लोकांनी आपला हक्क मागितला.

म्हणून पदकाची किंमत फक्त देणाऱ्याच्या हातात नसते, वाचणाऱ्याच्याही असते. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने या छोट्या गावात यशवंत घाडगे यांच्या नावाने एक स्मारक उभं राहिलं, सूर्यघडीच्या रूपात. पळसगावच्या एका बावीस वर्षांच्या मुलाचा क्रॉस ७९ वर्षांनी तिथल्या लोकांना आपलासा वाटला. इकडे महामार्गावरून आपल्या गाड्या रोज माणगाव ओलांडून जातात.

पुढच्या १५ ऑगस्टला यादी आली की एवढंच करून बघा. किती नावं आहेत ते मोजण्याआधी एका नावाचं प्रशस्तिपत्र शोधा. संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावर ती वाचायला मिळतात. बहुतेक अर्ध्या पानाची असतात. ते अर्धं पान वाचून झाल्यावरही पदक स्वस्त वाटलं, तर खाली लिहा. त्यावर मला नक्की बोलायचं आहे.