पॉलीहाऊससाठी सोलर: बॅटरी किती मोठी हवी?

आमच्या खांदेश्वरच्या सोसायटीच्या गच्चीवर सोलर पॅनेल आहेत, पण बॅटरी एकही नाही. दिवसा जास्तीची वीज ग्रिडमध्ये जाते, रात्री तिथूनच परत येते. नेट मीटर हिशोब ठेवतो. म्हणजे ग्रिड हीच आमची बॅटरी.

मावळातल्या मामाने त्याच्या १० गुंठ्यांच्या जरबेरा पॉलीहाऊससाठी सोलरचं विचारलं, तेव्हा मी हेच सुचवणार होतो. पण तिथे ते चालत नाही. ग्रिडची वीज गेली की साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टरही आपोआप बंद होतो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ती सोय असते. म्हणजे भर उन्हातही वीज गेली की सोलर बंद! शेतीला खात्रीची वीज हवी तर साठवण लागतेच.

मामाला एका विक्रेत्याने १० किलोवॉटचे पॅनेल आणि ३० युनिटची बॅटरी असं कोटेशन दिलं होतं. मामा कर्ज काढायच्या तयारीत होता. मी म्हटलं, थांब, आधी लोड मोजू.

रोजचा लोड (१ युनिट = १ किलोवॉट × १ तास)

- ठिबकसाठी विहिरीवरचा १ एचपी पंप, दीड तास: १.१ युनिट
- फॉगरचा २ एचपी पंप, दुपारी थांबून थांबून, एकूण अर्धा तास: ०.७५ युनिट
- हवा फिरवणारे १५० वॉटचे ४ पंखे, रात्री ६ तास: ३.६ युनिट
- कंट्रोलर आणि सेन्सर, १५ वॉट, २४ तास: ०.३६ युनिट

एकूण साधारण ५.८ युनिट. १ किलोवॉट पॅनेल आपल्याकडे स्वच्छ उन्हात दिवसाला ४ युनिटच्या आसपास देतो. म्हणजे २ किलोवॉटमध्ये काम भागतं.

पाणी हीसुद्धा बॅटरीच

ठिबकचा पंप रात्री चालवायची गरजच नाही. दुपारी उन्हावर पाणी उपसून टाकीत भरायचं आणि हवं तेव्हा सोडायचं. १० मीटर उंचीवरून साधारण १ किलो दाब मिळतो, तेवढा ठिबकला पुरतो. मामाच्या शेतामागे टेकाड आहे, टाकी तिथेच बसवली. टाकी दर काही वर्षांनी बदलावी लागत नाही, बॅटरी लागते.

राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतही हेच तत्त्व आहे. पंप ऊन असेपर्यंत चालतो, बॅटरी नसते. सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याला १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरावी लागते.

फॉगर तर कडक उन्हातच लागतात, त्यामुळे त्यांनाही साठवण नको. फक्त मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते, म्हणून व्हीएफडी लावायचा. तो मोटर हळूहळू वेगात आणतो.

मग बॅटरी कशासाठी?

रात्रीचे पंखे आणि कंट्रोलर, मिळून ३.८ युनिट. पंखे थांबले तर फुलांवर दव साचतं, बुरशी येते आणि माल बाजारात नाकारला जातो. लिथियम फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरायची आणि इन्व्हर्टरमधली घट धरायची, तर साडेपाच युनिटची बॅटरी पुरते. लेड-ॲसिड निम्मीच वापरावी लागते, म्हणून ती साडेआठ युनिटची घ्यावी लागेल. टायमर लावून पंखे १५ मिनिटं चालू, १५ मिनिटं बंद ठेवले तर गरज जवळपास निम्मी होते.

पावसाळ्याची अडचण

दमट हवेमुळे पंखे सगळ्यात जास्त जुलै-ऑगस्टमध्ये लागतात आणि ऊन तेव्हाच नसतं. ही तूट बॅटरी वाढवून भरत नाही, कारण ती भरणार कशाने? म्हणून ग्रिडचं कनेक्शन तोडू नका. हायब्रिड इन्व्हर्टर घ्या, म्हणजे वीज असेल तेव्हा बॅटरी ग्रिडवरही चार्ज होते.

पॅनेल पॉलीहाऊसच्या छतावर टाकू नका. पिकावर सावली पडते, सांगाड्यावर वाऱ्याचा भार वाढतो. मामाने ते पंपाच्या खोलीवर बसवले.

तुमच्याकडे फॅन-पॅडचं पॉलीहाऊस असेल तर मोठ्या पंख्यांमुळे आकडे बरेच वाढतील, पण रीत तीच. प्रत्येक यंत्राचे वॉट आणि तास लिहा, दिवसाचं काम उन्हावर टाका, पाणी टाकीत साठवा. उरेल तेवढ्याचीच बॅटरी घ्या. कोटेशन त्यानंतर मागवा.