'ले ऑफ' म्हणजे काय?

निजामी अमदानीत परभणीच्या नोकरदाराला कामावरून काढले तर तो 'बरतर्फ' होई, आणि चौकशीपुरता दूर ठेवला तर 'मुअत्तल'. राज्यकारभाराची भाषा उर्दू. पण हे दोन शब्द निरक्षरालाही कळत. १९४८ साली निजामी राजवट संपली आणि कामगाराच्या हाती येणाऱ्या कागदांवर हळूहळू इंग्रजी पसरली. त्या इंग्रजीतले अवघड शब्द आम्हांला फारसे नडले नाहीत. ते कोशात सापडतात. नडले ते सोपे. 'ले' म्हणजे ठेवणे, 'ऑफ' म्हणजे दूर. दोन्ही आम्ही तर्खडकरांच्या पाठमालेवरून घोकलेले. पण 'ले ऑफ'?

अशी नोटीस घेऊन एक कामगार आमच्याकडे आला तो तीन आठवड्यांनी. 'आपल्याला घरी बसवलं' असे समजून तो गावी कापूस वेचायला गेला होता. वस्तुतः १९५३ साली औद्योगिक कलह कायद्यात दुरुस्ती होऊन 'ले ऑफ'ची व्याख्या झाली होती: कोळसा, वीज वा कच्चा माल नाही, यंत्र मोडले किंवा तयार माल तुंबला, म्हणून मालक काम देत नाही, परंतु कामगाराचे नाव हजेरीपटावर कायम. वर्षभर नोकरी झालेल्याला मूळ पगार व महागाईभत्ता यांच्या निम्मी भरपाई. मात्र रोज एकदा ठरल्या वेळी कामावर हजर झाले पाहिजे. आमचा गडी हजर नव्हता, भरपाई बुडाली. (हंगामी कारखान्यांना ही तरतूद लागूच नव्हती. आपल्या जिल्ह्यातील जिनिंगच्या मजुरांची कहाणी त्यामुळे निराळी.)

'स्ट्राइक ऑफ'ची गंमत याहून कडू. 'स्ट्राइक' म्हणजे संप हे पोरही जाणते, तेव्हा 'ऑफ' लागला की संप मिटला असे वाटते. संप मागे घेणे ते 'कॉल ऑफ'. 'स्ट्राइक ऑफ' म्हणजे पटावरून नाव खोडणे! गैरहजर माणसाचे नाव आपोआप गळते, असा मालकपक्षाचा युक्तिवाद असे. दिल्ली क्लॉथ मिलच्या खटल्यात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, असे नाव खोडणे ही कामगारकपातच होय.

परकीयांना या जोडक्रियापदांचाच सर्वांत अधिक त्रास होतो, हे इंग्रजी कोशकार डॉ. जॉन्सन याने १७५५ सालीच लिहून ठेवले आहे. अर्थात आमचे 'काढून टाकणे' तरी परक्याला कोठे कळते? त्यात टाकतात काय?

परंतु त्या कामगाराला बुडवले ते इंग्रजीने नव्हे, आमच्या मराठीने. 'घरी बसवणे' हे भाषांतर ऐकून तो खरोखरच घरी बसला. तेव्हापासून नोटीस वाचून दाखवताना आम्ही तो शब्द टाळला. 'काम थांबलंय, नाव चालू आहे. उद्या वेळेवर फाटकाशी या,' असे सांगू लागलो.