शाहिराचा डफ आणि मुळशीचे जाते

राजवैभव टिकत नाही, ही गोष्ट कवींनी फार पूर्वीच सांगून ठेविली आहे. आज आम्हांला एवढेच पाहावयाचे आहे की, ती सांगताना कवीची नजर कोणावर असते.

मार्च १७९५ मध्ये पेशव्यांनी खर्ड्यावर निजामास नमविले; त्याच ऑक्टोबरात अवघ्या एकवीस वर्षांचे सवाई माधवराव शनिवारवाड्यात पडून वारले. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. मार्च १८१८ मध्ये मुळशीकडील डोंगरातला कोरीगड दारूकोठार उडताच शरण गेला. ३ जूनला बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले व सालिना आठ लाखांच्या तनख्यावर बिठूरास गेले. १८२८ च्या आगीत वाडाही जळाला.

शाहीर प्रभाकराने सवाई माधवरावांचे वैभव गायिले आणि पुढे पेशवाईची पडझडही गायिली. शाहिरी दरबारच्या आश्रयावर जगत होती. तेव्हा त्या शोकात धन्याबरोबर स्वतःच्या भाकरीचाही शोक असणारच. पण गडावर तोफा ओढणाऱ्या बिगाऱ्याचे काय झाले, हे डफ सांगत नाही.

पुढे याच मुळशीत १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट तुरुंगात गेले, लढा हरला, नीळा-मुळेच्या काठची गावे पाण्याखाली गेली. तेथली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळाली. त्या गिरण्यांचे भोंगेही १९८२ च्या संपानंतर एकेक करून थांबले. आम्ही कामगारांत वावरणारे. मालकाचे वैभव जाते तेव्हा आधी मजुराची चूल विझते, हे आम्ही पाहिले आहे.

‘सारे काळाने नेले’ हे समाधान सिंहासनाला शोभते. मुळशीची जमीन काळाने नेली नाही. ती कायद्याने आणि सहीशिक्क्याने नेली.

हा भेद जात्यावरच्या बायांना ठाऊक होता. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी मुळशीसह महाराष्ट्रातील गावोगावच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत रामाच्या राज्यापेक्षा सीतेचा वनवास मोठा आहे. आणि तो वनवास तिला कोणी दिला, हे दळणारी बाई नाव घेऊन सांगते. काळावर ढकलून मोकळी होत नाही.

म्हणून आमचे मागणे इतकेच, की इतिहास वाचताना पोवाड्याशेजारी ओवीही ठेवावी.