सोनोरन वाळवंटातील परसबागा

ॲरिझोना आणि मेक्सिकोच्या सीमेवर पसरलेल्या सोनोरन वाळवंटात फळझाडांचा इतिहास पाटापासून सुरू होतो. फिनिक्समध्ये वर्षाकाठी 200 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात पारा 43 अंशांवर चढतो. तिथे सॉल्ट नदीच्या खोऱ्यात होहोकाम लोकांनी इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकातच कालव्यांचे जाळे खणले. हाती लाकडा-दगडाची अवजारे, ओझ्याला जनावर नाही. तरी त्यांनी साधलेला उतार आजच्या अभियंत्यालाही मान्य व्हावा असा होता. ते मका, घेवडा, भोपळा आणि कापूस पिकवत. पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही वस्ती मोडली आणि कालवे गाळाने भरले.

युरोपातली फळे आली ती दक्षिणेकडून. जेझुइट धर्मगुरू एउसेबिओ किनो 1687 मध्ये या मुलखात पोहोचले. त्यांच्या मिशनांबरोबर गहू, गुरे आणि भूमध्य समुद्राकाठची झाडे आली: अंजीर, डाळिंब, क्विन्स, द्राक्षवेल. कोरडा, कडक उन्हाळा या झाडांच्या अंगवळणी पडलेला होता, म्हणून ती इथे रुजली. पुढे तुमाकाकोरी येथे फ्रान्सिस्कन पंथीयांनी भिंतीच्या आत सुमारे पाच एकरांची बाग उभी केली आणि सांताक्रूझ नदीचे पाणी पाटाने तिच्यात खेळवले. मिशने ओस पडली, पण ही फळे तोवर तूसॉनच्या मातीच्या घरांच्या अंगणात पोहोचली होती. अंजीर, डाळिंब आणि द्राक्ष यांची फांदी छाटून लावली की जगते. त्यामुळे ही झाडे माहेरच्या अंगणातून सासरी, शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे सहज जाऊ शकत.

उत्तरेला जॅक स्विलिंग याने 1867 मध्ये कालवा कंपनी काढली आणि होहोकामांच्या जुन्या मार्गांचा आधार घेत फिनिक्सच्या शेतीला पाणी दिले. 1885 मध्ये ॲरिझोना कालवा पूर्ण झाला आणि त्याच्या काठी संत्री-लिंबांच्या बागा वाढू लागल्या. 1891 चा पूर आणि पाठोपाठची अवर्षणे यांच्यामुळे मात्र नदीचा भरवसा उरला नाही. तेव्हा जमीनधारकांनी 1903 मध्ये पाणीवापर संघ स्थापन केला आणि धरणाच्या सरकारी कर्जासाठी आपल्या जमिनी तारण लावल्या. रूझवेल्ट धरण 1911 मध्ये झाले. परसबागेला नेमाने पाणी मिळाले ते या सामाईक जोखमीमुळे. एकट्यादुकट्याच्या हिकमतीने ते साधले नसते.

दुसऱ्या महायुद्धानंतर बागांचे तुकडे पडून बंगले उठले, पण जमिनीबरोबर पाण्याचा हक्कही घराकडे आला. फिनिक्सच्या आर्केडिया भागात जुन्या बागांमधली लिंबूवर्गीय झाडे अजून परसात दिसतात. परस रस्त्यापेक्षा थोडे खोल असते आणि भोवती मातीचा बांध असतो. उन्हाळ्यात साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते, कधी भर मध्यरात्री. पाटकरी चारीचे दार उघडतो, घरमालक आपली झडप वर करतो आणि परस घोट्यापर्यंत भरते. पाणी खोल मुरावे म्हणून झाड लावतानाच जमिनीखालचा चुनखडीचा कठीण थर पहारीने फोडावा लागतो, नाहीतर मुळे कुजतात. उन्हाने साल तडकू नये म्हणून खोडाला पांढरा रंग देतात.

सफरचंदाची अडचण वेगळी होती: हिवाळ्यात पुरेशी थंडी मिळाली नाही तर त्याला नीट बहर येत नाही. इस्रायलमधली ‘ॲना’ आणि बहामा बेटांवरची ‘डॉर्सेट गोल्डन’ या कमी थंडीवर भागणाऱ्या जाती विसाव्या शतकात मिळाल्या. दोघी एकाच सुमारास फुलतात आणि एकमेकींचे परागीकरण करतात, म्हणून त्या जोडीने लावल्या जातात.

तूसॉनला असे धरण लाभले नाही. विहिरींच्या उपशाने पाणी खोल गेले आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सांताक्रूझ तिथे कोरडी पडली. मिशनच्या मूळ बागा नाहीशा झाल्या. वाण राहिले ते जुन्या घरांच्या अंगणांत. अभ्यासकांनी तिथूनच काड्या घेऊन रोपे तयार केली. त्या रोपांतून तुमाकाकोरीची बाग पुन्हा लावली गेली आणि तूसॉनच्या ‘मिशन गार्डन’मध्येही तीच क्विन्स, अंजिरे आणि डाळिंबे वाढत आहेत.